आधी स्कझीची केबल, मग युनिक्सची सीडी

सांगली-मिरजेत भंगाराच्या दुकानात अजूनही अधूनमधून जुना टॉवर सर्व्हर सापडतो. पेंटियम थ्रीच्या काळातला, जाड पत्र्याचं कॅबिनेट, आत रुंद रिबन केबल आणि त्या केबलला जोडलेल्या दोन-तीन वजनदार हार्ड डिस्क. नव्वदच्या दशकात पतसंस्थांचे, साखर कारखान्यांचे, मार्केट यार्डातल्या मोठ्या अडत दुकानांचे हिशेब अशा मशीनवर चालायचे. एका सर्व्हरवर एससीओ युनिक्स ही ऑपरेटिंग सिस्टम आणि त्याला जोडलेले आठ-दहा काळ्या पडद्याचे टर्मिनल, असा तो थाट. आज डिप्लोमाची, इंजिनिअरिंगची मुलं तेच मशीन स्वस्तात घरी आणतात आणि त्यावर युनिक्स शिकायचं ठरवतात. मला हे फार मोलाचं वाटतं. आत काय चाललंय ते एकेका ओळीत सांगणारं मशीन शिकायला मिळणं ही मोठी संधी आहे.

मग एक-दोन संध्याकाळी जातात आणि तक्रार येते की युनिक्स इन्स्टॉलच होत नाही. कधी डिस्क दिसत नाही, कधी फाइली कॉपी होताना मधेच सगळं थिजतं, कधी सगळं नीट होऊन रीबूटनंतर काळा पडदा. अशा बहुतेक वेळी युनिक्सचा काही दोष नसतो. डिस्क, केबल आणि ती केबल मशीनला जोडणारं स्कझी कार्ड यांची जोडणी चुकलेली असते आणि ती चूक युनिक्स सुरू झाल्यावर उघडी पडते. म्हणून या लेखाचा मोठा भाग केबलबद्दल आहे. ते एकदा जमलं की इन्स्टॉलेशन तासाभराचं काम.

स्कझी म्हणजे स्मॉल कम्प्युटर सिस्टम इंटरफेस. शुगार्ट असोसिएट्स या कंपनीच्या आधीच्या डिस्क-जोडणीतून ती पद्धत वाढली आणि १९८६ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेनं तिला पहिलं अधिकृत मानक दिलं. तेव्हाच्या साध्या आयडीई डिस्कपेक्षा ती महाग होती, पण सर्व्हरवाले तीच घ्यायचे. कारण असं की स्कझी डिस्क स्वतः हुशार असते. 'अमुक ब्लॉक आणून दे' असा हुकूम घेतला की ती केबल मोकळी सोडते, आपलं काम करते आणि डेटा हाती आल्यावर पुन्हा केबलवर येते. तोवर तीच केबल दुसरी डिस्क वापरते. पुढच्या डिस्क तर एकाच वेळी अनेक हुकूम रांगेत घेऊन, डोकं कमीत कमी फिरेल असा क्रम स्वतः ठरवू लागल्या. युनिक्सवर दहा माणसं एकाच वेळी काम करत असतात, तेव्हा याचा फायदा लगेच जाणवतो.

पण एकाच केबलवर सगळ्यांनी बोलायचं म्हटल्यावर शिस्त लागते. ती शिस्त दोन गोष्टींत आहे: प्रत्येक उपकरणाचा वेगळा आयडी आणि केबलच्या दोन्ही टोकांना टर्मिनेटर.

आयडी

जुन्या ५० पिनांच्या अरुंद स्कझीवर ० ते ७ असे आठ आयडी असतात, ६८ पिनांच्या रुंद स्कझीवर ० ते १५. कार्ड स्वतःसुद्धा एक आयडी घेतं आणि तो बहुतेक ७ असतो. दोघांना एकाच वेळी केबल हवी असेल तर मोठ्या आयडीला आधी मिळते: ७ सर्वात वर, मग ६ ते ०, आणि त्यानंतर १५ ते ८. म्हणून कार्डाचा ७ बदलू नका.

डिस्कचा आयडी तिच्या मागच्या किंवा खालच्या बाजूच्या छोट्या पिनांवर जंपर (दोन पिना जोडणारी बारीक टोपी) बसवून ठरतो. चार जोड्या असतात, त्यांची किंमत १, २, ४, ८. जंपर लावलेल्या जोड्यांची बेरीज म्हणजे आयडी. एकही जंपर नाही म्हणजे ०. पहिल्या आणि तिसऱ्या जोडीवर लावला म्हणजे ५. याच पिनांच्या शेजारी दुसऱ्या कामाच्या पिनाही असतात (टर्मिनेटरला वीज देणं, उशिरा फिरायला लागणं, जुन्या पद्धतीत राहायला भाग पाडणं), त्यामुळे लेबलवरचा नकाशा वाचल्याशिवाय जंपरला हात लावू नये. लेबल फाटलं असेल तर डिस्कचा मॉडेल नंबर घेऊन उत्पादकाचं माहितीपत्रक शोधा, नेटवर बहुतेकांची मिळतात.

मिरजेहून एक मुलगा असंच मशीन घेऊन माझ्याकडे आला होता. म्हणाला, "काका, डिस्क एकच लावलीय, पण इथं तर डिस्कची रांगच लागलीय." पडद्यावर खरंच तसं होतं. शून्यापासून पुढे प्रत्येक आयडीवर त्याच कंपनीची, त्याच मॉडेलची, तेवढ्याच क्षमतेची डिस्क. मी म्हटलं, "जंपर दाखव." डिस्क उलटी केली तर पहिल्या तिन्ही जोड्यांवर जंपर. एक अधिक दोन अधिक चार म्हणजे सात, म्हणजे कार्डाचाच आयडी. कार्ड कुठल्याही आयडीला हाक मारत होतं आणि प्रत्येक हाकेला तीच डिस्क ओ देत होती. तिन्ही जंपर काढले, डिस्क ० वर आली आणि रांग संपली. हे लक्षण लक्षात ठेवा: एकच डिस्क सगळीकडे दिसली की तिचा आयडी कार्डाच्या आयडीवर गेलाय. दोन डिस्कचा आयडी एक झाला तर मात्र वेगळं दिसतं. दोन्हींपैकी एकच दिसते किंवा एकही धड दिसत नाही.

कॅबिनेटमधून उघड्या काढलेल्या ८० पिनांच्या डिस्कही भंगारात पुष्कळ मिळतात. त्यांच्यावर विजेचा वेगळा कनेक्टर नसतो, सगळं त्या एकाच कनेक्टरमधून जातं. त्यांना ६८ पिनांचा अॅडाप्टर लागतो आणि आयडीचे जंपर बहुतेक त्या अॅडाप्टरवरच असतात.

टर्मिनेटर

ज्याची सर्वात कमी काळजी घेतली जाते आणि ज्यामुळे सर्वात जास्त संध्याकाळी वाया जातात ती गोष्ट ही. केबलमधून जाणारा विजेचा सिग्नल उघड्या टोकाला पोचला की तिथून परत फिरतो, जसा विहिरीत दिलेला आवाज फिरून येतो. परत आलेला सिग्नल पुढच्या सिग्नलमध्ये मिसळला की एकाचा शून्य होतो आणि शून्याचा एक. टर्मिनेटर हा रोधकांचा किंवा इलेक्ट्रॉनिक भागांचा छोटा संच. तो टोकाला येणारा सिग्नल शोषून घेतो, परत पाठवत नाही.

नियम एका ओळीत मावतो. केबलच्या दोन भौतिक टोकांना टर्मिनेटर हवाच, आणि मधे कुठेही नको. 'भौतिक' हा शब्द महत्त्वाचा. आयडी ० किंवा आयडी १५ म्हणजे टोक नव्हे. केबल हातात धरून पाहा, ती जिथे संपते ते टोक. साध्या मांडणीत एक टोक कार्ड असतं आणि कार्डातलं टर्मिनेशन आपोआप चालू राहतं. दुसरं टोक म्हणजे रिबन केबलचा शेवटचा कनेक्टर. जुन्या अरुंद डिस्कवर टर्मिनेटर डिस्कमध्येच असायचा, जंपरनं चालू-बंद व्हायचा. अल्ट्रा-२ पासून पुढच्या, म्हणजे ८०, १६० किंवा ३२० एमबी प्रतिसेकंदाच्या एलव्हीडी (कमी व्होल्टेजच्या) डिस्कवर तो नसतोच. तिथे केबलच्या टोकाला छोट्या पट्टीसारखा वेगळा टर्मिनेटर लागतो. भंगारात केबल कापून दिली असेल तर नेमका तोच गेलेला असतो. डिस्क शेवटच्या कनेक्टरला लावून 'झालं' म्हणू नका, टर्मिनेटर नसेल तर झालेलं नसतं.

कार्डाला आत एक केबल आणि बाहेर एक डबा जोडला तर कार्ड टोकाला राहत नाही, मधे येतं. मग कार्डाचं टर्मिनेशन बंद हवं. अॅडाप्टेक कंपनीच्या २९४०यूडब्ल्यू कार्डावर आत ५० पिनांचा, आत ६८ पिनांचा आणि बाहेरचा असे तीन कनेक्टर असतात, पण एका वेळी त्यातले दोनच वापरायचे. तिन्ही भरले तर केबलला दोनाऐवजी तीन टोकं होतात, आणि तशी जोडणी चालत नाही.

एक सावधगिरीची सूचना, कारण इथे चुकलं तर सामान जळतं. एचव्हीडी नावाचा स्कझीचा एक वेगळा, जास्त व्होल्टेजचा प्रकार आहे. त्याचे कनेक्टर दिसायला अगदी तसेच असतात. एचव्हीडी उपकरण साध्या (म्हणजे जुन्या, सिंगल-एंडेड) किंवा एलव्हीडी केबलवर लावलं तर दोन्हीकडचे भाग जाऊ शकतात. अॅडाप्टेकचं २९४०यूडब्ल्यू साधं आहे आणि २९४४यूडब्ल्यू एचव्हीडी. फरक एका आकड्याचा. घेण्याआधी नंबर नीट वाचा.

साधं उपकरण आणि एलव्हीडी डिस्क एकाच केबलवर आल्या तर जळत काही नाही, पण सगळी केबल जुन्या संथ पद्धतीवर येते. ५० पिनांचा सीडी ड्राइव्ह आणि ८० एमबी वेगाची डिस्क एकत्र लावून 'वेग का नाही' म्हणून शोधणारे बरेच भेटतात. २९१६० सारख्या कार्डांवर जुन्या उपकरणांसाठी वेगळा कनेक्टर दिलाय तो याचसाठी. सर्व्हरमधला सीडी ड्राइव्ह आयडीईचा असेल तर उत्तम, तो या भानगडीत येतच नाही.

हे सगळं चुकलं असेल तर कार्डाच्या बायॉसला (सुरू होताना आधी चालणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) डिस्क तरी कशी दिसते, आणि मग पुढे जाऊनच का अडतं? कारण बायॉस फार थोडं वाचतो, तेही हळू आणि एकेक करून. युनिक्सचा कर्नल, म्हणजे गाभा, मात्र डिस्कशी पूर्ण वेग ठरवून घेतो आणि तिच्यावर हुकमांची रांग लावतो. केबलमधला कच्चेपणा तेव्हा बाहेर येतो. 'टाइम्ड आउट' किंवा 'पॅरिटी एरर' असे मेसेज दिसू लागले की सीडी दुसरी जाळायच्या (म्हणजे लिहायच्या) मागे लागू नका. कार्डाच्या सेटिंगमध्ये त्या डिस्कचा वेग ८० वरून २० किंवा १० वर आणा. कमी वेगावर तेच इन्स्टॉलेशन सुरळीत झालं तर दोष केबलचा किंवा टर्मिनेटरचा, हे जवळपास नक्की.

कार्डाची सेटिंग

मशीन सुरू होताना अॅडाप्टेकचं कार्ड कंट्रोल-ए दाबायला सांगतं, एलएसआयचं कंट्रोल-सी. आत गेल्यावर आधी उपकरणांची यादी पाहा. जेवढी लावली तेवढी दिसली, आणि हव्या त्या आयडीवर दिसली, तरच पुढे जायचं. यादीत काही खटकत असेल तर सीडी घालण्यात अर्थ नाही.

बूट आयडीमध्ये ज्या डिस्कवर युनिक्स जाणार तिचा आयडी द्या. मशीनमध्ये आयडीई डिस्कसुद्धा असेल तर जुने बायॉस तिलाच पहिली मानतात. बायॉसमध्ये 'स्कझी फर्स्ट' असा पर्याय असेल तर तो निवडा, नसेल तर शिकायच्या काळापुरती आयडीई डिस्क काढून ठेवणं सोपं.

१ जीबीपेक्षा मोठ्या डिस्कसाठी 'एक्स्टेंडेड ट्रान्सलेशन' नावाचा पर्याय अॅडाप्टेकच्या कार्डात असतो. तो चालू ठेवा आणि इन्स्टॉलेशननंतर पुन्हा कधी बदलू नका. डिस्कची मापं बायॉसला कशी सांगायची हे त्यावर ठरतं. ती बदलली की बूट करणाऱ्या छोट्या प्रोग्रामला कर्नल नेमक्या जागी सापडत नाही, जरी डिस्कवरचा एकही बाइट हललेला नसला तरी.

याच मेनूत 'फॉरमॅट डिस्क' असतं. हे नेहमीचं फॉरमॅट नव्हे, संपूर्ण डिस्क पायापासून आखणारं आहे. त्याला बराच वेळ लागतो आणि मधे वीज गेली तर डिस्क निकामी होऊ शकते. गरज नसताना त्याला हात लावू नका. 'व्हेरिफाय' मात्र जरूर चालवा. खराब सेक्टर कुठे आहेत ते आत्ताच कळलेलं बरं.

तीन-चार डिस्क असतील तर 'स्टार्ट युनिट' हा पर्याय बघा. त्यासाठी डिस्कवरही उशिरा फिरण्याचा जंपर लावावा लागतो. मग कार्ड एकेका डिस्कला फिरायला सांगतं. मिनिटाला १०,००० फेऱ्यांच्या डिस्क सुरू होताना १२ व्होल्टच्या तारेवर बराच भार टाकतात, आणि जुन्या पॉवर सप्लायला तो सगळा एकदम झेपत नाही.

डिस्कवर आधी काय आहे

हा प्रश्न तांत्रिक नाही, पण इन्स्टॉलेशनच्या आधीच येतो. पतसंस्थेच्या जुन्या डिस्कवर ठेवीदारांची नावं, खाती, शिल्लक असू शकते. ती उघडून बघायचा मोह टाळा. मशीन देणाऱ्याला आधी विचारा की यातलं काही परत हवंय का. नको असेल तर डीडी कमांडनं संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहा आणि मगच आपलं काम सुरू करा. नुसतं पार्टिशन नवीन केल्यानं जुना डेटा जात नाही.

आणि मशीन २०१९ च्या किंवा २०२१ च्या पुरात बुडालेलं असेल तर डिस्क अजिबात सुरू करू नका. हार्ड डिस्कच्या झाकणाला हवेचा दाब सारखा ठेवणारं बारीक भोक असतं. त्यातून कृष्णेचं गढूळ पाणी आत गेलेलं असू शकतं. वरून पुसून कोरडी दिसणारी डिस्क फिरली की आतल्या चकतीवर ओरखडे पडतात, आणि मग डेटा वाचवणाऱ्या तज्ज्ञाच्या हातीही काही उरत नाही.

कुठलं युनिक्स घ्यायचं

बेल लॅब्जमध्ये केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या युनिक्सची एक मोठी शाखा कॅलिफोर्नियाच्या बर्कली विद्यापीठात वाढली. नेटबीएसडी, फ्रीबीएसडी आणि ओपनबीएसडी त्या घराण्यातली. लिनक्स १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्सनं स्वतंत्रपणे लिहायला घेतलं, पण वागणूक युनिक्सचीच.

३२ बिटच्या जुन्या पीसीसाठी आज पर्याय कमी झालेत. डेबियननं १३ व्या आवृत्तीपासून ३२ बिट पीसीचा इन्स्टॉलर देणं थांबवलं, फ्रीबीएसडीनं १५ व्या आवृत्तीपासून. नेटबीएसडी आणि ओपनबीएसडी मात्र अजून चालतात आणि दोन्हींत अॅडाप्टेक, सिम्बिऑस, एलएसआय या कार्डांचे ड्रायव्हर आहेत. माझं मत विचाराल तर पहिल्यांदा लावणाऱ्यानं नेटबीएसडी घ्यावं. १९९३ पासून चालू आहे, मेनू सोपा आहे आणि २५६ एमबी रॅममध्ये आरामात राहतं. १० वी आवृत्ती २०२४ मध्ये आली. असली मशीन यूएसबीवरून बूट होत नाहीत, तेव्हा सीडीच जाळावी लागते. छोटी बूट सीडीही मिळते. बाकीचे फाइलींचे संच ती नेटवर्कवरून आणते.

कर्नल काय सांगतो ते वाचा

सीडीवरून बूट होताना पडद्यावर भराभर ओळी जातात. बहुतेक मुलं ते संपायची वाट बघतात. तसं करू नका, सगळी माहिती तिथेच असते. आधी कार्डाची ओळ येते, मग स्कझी बसची, मग एकेका उपकरणाची. डिस्कच्या ओळीचा अर्थ साधारण असा: एसडी० ही डिस्क, बस ० वर, टार्गेट ०, लन ०, पुढे कंपनी आणि मॉडेल. टार्गेट म्हणजे आपण जंपरनं दिलेला आयडी. लन हा एका उपकरणातला उपविभाग, साध्या डिस्कला तो नेहमी ०. तिच्याखालच्या ओळीत क्षमता येते. १८ जीबीच्या एका नेहमीच्या डिस्कवर १७३६६ एमबी, ५१२ बाइटचा सेक्टर, एकूण ३५५६६४८० सेक्टर असं दिसेल. घाबरू नका, डिस्क छोटी झालेली नाही. सेक्टरांना ५१२ नं गुणलं की १८२१ कोटी बाइट होतात. लेबलवर १८.२ जीबी लिहिणारे हजारानं भागतात, कर्नल १०२४ नं.

या ओळीत सेक्टर ५१२ ऐवजी ५२० बाइटचा दिसला तर तुमची डिस्क मोठ्या स्टोरेज यंत्रणेतून आलीय. ती तशी वापरता येत नाही. कार्डाच्या फॉरमॅट मेनूतून किंवा लिनक्सच्या एसजी-फॉरमॅट या साधनानं ती ५१२ वर आणावी लागते. ते वर म्हटलेलं पूर्ण फॉरमॅट इथे खरोखर लागतं, आणि तेही यूपीएसवर.

आता सर्वात महत्त्वाचा फरक. आयडी तुम्ही ठरवता, पण एसडी० हे नाव कर्नल देतो, आणि ते डिस्क सापडण्याच्या क्रमानं देतो. आयडी २ आणि आयडी ५ अशा दोन डिस्क असतील तर त्या एसडी० आणि एसडी१ होतात, एसडी२ आणि एसडी५ नव्हे. उद्या तुम्ही आयडी ० वर तिसरी डिस्क लावली की ती एसडी० होते आणि आधीच्या दोन्ही एकेक घर खाली सरकतात. मग रूट फाइल सिस्टम (सगळ्या फाइलींचं मूळ) जिथे शोधली जाते तिथे भलतीच डिस्क असते आणि 'काल तर चालत होतं' असं म्हणायची वेळ येते. सोपा उपाय म्हणजे युनिक्सची डिस्क आयडी ० वर ठेवा आणि पुढच्या डिस्क वरच्या आयडींवर वाढवत जा. सीडी ड्राइव्ह सीडी०, टेप एसटी०, त्यांची मोजणी वेगळी, म्हणून ते डिस्कच्या नावांना धक्का लावत नाहीत.

इन्स्टॉलेशन

भाषा, कीबोर्ड, मग 'हार्ड डिस्कवर इन्स्टॉल करा' हा पर्याय. डिस्कच्या यादीत मॉडेल ताडून एसडी० निवडा. पार्टिशनची पद्धत विचारली तर जुन्या बायॉसवर एमबीआर.

इथे दोन पातळ्या असतात आणि नवख्याचा गोंधळ याच ठिकाणी होतो. बायॉसला कळणारी वरची विभागणी एमबीआरची, जास्तीत जास्त चार भाग. त्यातला एक भाग नेटबीएसडीचा. त्या भागाच्या आत नेटबीएसडी स्वतःची दुसरी विभागणी करतं, तिला डिस्कलेबल म्हणतात आणि तिचे भाग अक्षरांनी ओळखतात. 'ए' म्हणजे रूट, 'बी' म्हणजे स्वॅप (मेमरी अपुरी पडली की वापरायची जागा). पीसीवरच्या नेटबीएसडीत 'सी' म्हणजे नेटबीएसडीचा सगळा भाग आणि 'डी' म्हणजे अख्खी डिस्क. 'सी' आणि 'डी' वर फाइल सिस्टम बनवायची नसते, ते फक्त हद्द दाखवतात. ओपनबीएसडीत अख्खी डिस्क 'सी' असते, एवढा फरक ध्यानात ठेवा.

भाग किती करायचे यावर लोक तासन्तास बोलतात. बँकांच्या सर्व्हरवर लॉगसाठी वेगळा भाग ठेवायचे, कारण लॉग फुगून रूट भरला तर सगळं कामकाज बंद पडायचं. शिकायच्या मशीनवर इतकं नको. सुरुवातीला २ जीबीचा रूट, मग ५१२ एमबी स्वॅप, उरलेल्यात यूएसआर (प्रोग्राम) आणि होम (आपल्या फाइली). रूट सुरुवातीलाच ठेवायचं कारण जुने बायॉस पहिल्या १०२४ सिलिंडरपलीकडे, म्हणजे साधारण ८ जीबीपलीकडे पोचत नाहीत. कर्नल त्या हद्दीच्या आत असला की प्रश्नच मिटला.

यानंतर एकदा शेवटचं विचारलं जातं, पुढे जायचं का? इथपर्यंत डिस्कवर काहीही लिहिलेलं नसतं. 'हो' म्हटल्यावर आधीचं सगळं जातं. मग संच निवडा. ग्राफिकल पडद्याचा एक्स संच जुन्या मशीनवर वगळला तरी चालेल, पण कंपायलरचा संच घ्याच. सी भाषा शिकणाऱ्याला दुसरं काय हवं.

शेवटी टाइम झोनमध्ये एशिया आणि कोलकाता, रूट नावाच्या सर्वाधिकारी युजरचा पासवर्ड, आणि स्वतःसाठी वेगळा युजर. तो युजर 'व्हील' गटात घाला, तरच त्याला 'सू' कमांडनं रूट होता येतं. रोजचं काम रूट म्हणून करू नका. युनिक्समध्ये रूटला कोणी 'खरंच पुसू का' असं विचारत नाही.

सीडी काढून रीबूट करा. 'मिसिंग ऑपरेटिंग सिस्टम' आलं तर बूट आयडी आणि ट्रान्सलेशनची सेटिंग पुन्हा बघा. कर्नल आला पण रूट कुठे आहे असं विचारत थांबला, तर डिस्कची नावं सरकलीत. तिथेच खरं नाव टाइप करा, आत गेल्यावर एफएसटॅब (कोणता भाग कुठे जोडायचा ते सांगणारी) फाइल दुरुस्त करा.

वीज आणि नोंद

मे महिन्यात वळवाचा पाऊस आला की आपल्याकडे वीज जाते हे सांगायला नको. युनिक्स लिहायचा डेटा काही वेळ मेमरीत धरून ठेवतं, म्हणून बटण दाबून बंद करू नका. शटडाउन कमांड द्या, सिस्टम थांबू द्या, मग वीज काढा. तरीही वीज गेलीच तर पुढच्या बूटला एफएससीके आपोआप फाइल सिस्टम तपासतं. १८ जीबीला वेळ लागतो, मधे बंद करू नका. नेटबीएसडीत लॉगिंगचा पर्याय चालू केला तर ही तपासणी फार लवकर आटोपते, तो इन्स्टॉलेशनच्या वेळीच निवडता येतो. छोटा यूपीएस मात्र घ्याच. बाहेरचा डिस्कचा डबा असेल तर आधी तो सुरू करायचा आणि मग मशीन. बंद करताना आधी मशीन.

सगळं नीट बूट झालं की डीमेसेज कमांडचा (बूट होतानाच्या कर्नलच्या ओळींचा) मजकूर एका फाइलमध्ये साठवा आणि तिची प्रत मशीनबाहेर ठेवा. पुढे काही बिघडलं तर कालचा आणि आजचा मजकूर शेजारी ठेवून बघता येतो. आणि एक कागद घ्या. त्यावर कोणती डिस्क कोणत्या आयडीवर, टर्मिनेटर कुठे, कार्डात वेग किती ठेवलाय, ट्रान्सलेशन चालू की बंद, एवढं लिहा आणि तो कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवा.